आमच्या राज्याचा जमाखर्च

राज्य कसे करावे हे ज्याला कळत नाही असा मनुष्य आमच्या पाहण्यात अद्याप आलेला नाही. आगगाडीच्या डब्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, लग्नाच्या पंगतीत, फार काय स्मशानातल्या बाकावर बसून चिता विझण्याची वाट पाहताना देखील, कराचे ओझे कसे हलके करावे, लाचखाऊंना कोणती शिक्षा द्यावी व शेजारच्या राष्ट्राला कसे वठणीवर आणावे यांविषयी निश्चित मते बाळगणारे गृहस्थ आम्हांस हटकून भेटतात. त्यांच्या योजनांत उणीव एवढीच असते की, त्यांच्या हाती कोणी राज्य देत नाही. आम्हीही इतकी वर्षे याच मंडळींत मोडत होतो. परंतु दैवाने आमच्यावर जादा कृपा केली. वयाची साठी उलटल्यावर आम्हांस खरोखरच एक राज्य मिळाले. आणि त्या राज्यात आम्ही जे केले ते सांगावे की सांगू नये या विचारात काही आठवडे घालवून अखेर हा लेख लिहावयास बसलो आहोत.

हे राज्य आम्हांस धाकट्या बंधूंच्या घरी, जेवणाच्या टेबलावर मिळाले. पावसाळ्यातला रविवार होता. आम्ही सहज म्हणून गेलो होतो. महाविद्यालयात जाणारी पुतणी, तिचा तेरा वर्षांचा भाऊ आणि त्याचे दोन मित्र टेबलाभोवती बसले होते. "काका, एक गडी कमी पडतोय, बसता का?" असे पुतणीने विचारले. पत्त्यांचा डाव असेल अशा समजुतीने आम्ही खुर्ची पुढे ओढली. पाहतो तो टेबलावर षट्कोनी घरांचा एक मोठा नकाशा, कोऱ्या वह्या, आणि फासे! पण फासेही आपल्या ओळखीचे नव्हेत. कोणाला चार पैलू, कोणाला आठ, आणि त्यांतल्या मुख्य फाशाला तर वीस.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही, आणि कोणी जिंकला, कोणी हरला असा शेवटही नाही. एकजण सूत्रधार होतो. तो एक काल्पनिक जग वर्णन करून सांगतो. बाकीचे एकेक सोंग घेतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. आपले सोंग अमुक प्रसंगी काय करील ते ज्याचे त्याने बोलून दाखवावयाचे, आणि जेथे फळ अनिश्चित तेथे फासा टाकावयाचा. आपल्याकडची सोंगे आणि द्यूत यांचा विवाह लावून दिला तर जे अपत्य होईल ते हे, असे म्हणण्यास हरकत नाही. त्या पहिल्या पुस्तिकांतच राज्यलोभाची सोय करून ठेवलेली आढळते. योद्धा पुरेसा नावारूपास आला की त्याने गढी बांधावी, जहागीरदार व्हावे, आणि दर माणशी वर्षाला २० सुवर्णनाणी कर घ्यावा. प्रजा म्हणजे तेथे गुणाकारातला एक आकडा होती.

आमच्या टेबलावरचा खेळ याच घराण्यातला, पण पुढच्या पिढीचा. 'पाथफाइंडर' या खेळासाठी पायझो या अमेरिकन प्रकाशन संस्थेने २०१० साली 'किंगमेकर' नावाची सहा भागांची कथामाला काढली. तिच्यात खेळणाऱ्यांना एका ओसाड, लुटारूंनी व्यापलेल्या मुलखाची सनद मिळते. लुटारूंचा बंदोबस्त केला की तेथे राज्य स्थापावयाचे. नकाशातला एकेक षट्कोन म्हणजे बारा मैलांचा प्रदेश, आणि राज्याचा एक फेरा म्हणजे एक महिना. सेनापती, कोषाध्यक्ष, हेरांचा प्रमुख, मुख्य पुरोहित अशा जागा खेळणाऱ्यांनी वाटून घ्यावयाच्या. पुतणी सूत्रधार होती. पुतण्याने सेनापतिपद कोणाला हात लावू न देता पटकावले. त्याच्या एका मित्राकडे खजिना गेला, दुसऱ्याकडे हेरखाते. राहिले राजपद. ते कोणालाच नको होते, कारण राजाला हिशेब फार ठेवावे लागतात असे त्यांचे म्हणणे पडले. अशा रीतीने आम्ही सिंहासनावर बसलो. "भावजी, महाराजांचा चहा निवतोय," असे वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, तोच आमचा राज्याभिषेक.

आता राज्य म्हटले की पहिला प्रश्न पैशाचा. अद्भुत कथांतले राजे या प्रश्नाला वळसा घालून जातात. टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४ व १९५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या अखेरीस खरा वारस गादीवर येतो आणि राज्यात सुख नांदते. याच जातीच्या कथा लिहिणारे जॉर्ज मार्टिन यांनी २०१४ सालच्या एका मुलाखतीत या सुखावर नेमके बोट ठेवले. त्या राजाचे करविषयक धोरण काय होते? तो खडे सैन्य बाळगीत होता काय? महापूर आणि दुष्काळ आले तेव्हा त्याने काय केले? आणि युद्धात हरलेल्या त्या हजारो ऑर्क राक्षसांचे, त्यांच्या पाळण्यातल्या बाळांसकट, पुढे काय झाले? प्रश्न विनोदाने विचारल्यासारखे वाटतात. पण त्यांतला शेवटचा प्रश्न आणि पहिला प्रश्न एकाच जातीचे आहेत, हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नव्हते. कराचा प्रश्न आम्ही व्यवहाराच्या खात्यात घालीत होतो आणि बाळांचा नीतीच्या.

'किंगमेकर'च्या नियमांनी मात्र करांचा प्रश्न टाळलेला नाही. राज्याचे तीन मुख्य गुण: अर्थव्यवस्था, निष्ठा आणि स्थैर्य. कर हलका ठेवला तर अर्थव्यवस्था १ ने वाढते व निष्ठा १ ने घटते. मध्यम कराला २ आणि २. भारी कर लावला तर अर्थव्यवस्थेला मिळतात ३, पण निष्ठेतून जातात ४. आणि चिरडून टाकणारा कर लावला तर मिळतात ४ व जातात ८. म्हणजे राजाचा लाभ एकेका पायरीने चढतो आणि प्रजेचे मन दुपटीदुपटीने तुटते. करच घेतला नाही तर निष्ठा १ ने वाढते, पण तिजोरी कोरडी राहते. शांतिपर्वात राजाला भुंग्याप्रमाणे फुलाला न दुखविता मध घेण्यास सांगितले आहे. तीच गोष्ट या परक्या पुस्तकात कोष्टकाच्या रूपाने भेटली तेव्हा आम्हांस जुना स्नेही परमुलखात भेटल्याचा आनंद झाला.

दुसरा नियम त्याहून मार्मिक आहे. राज्याचा पैसा 'बांधणीच्या गुणां'त मोजतात. खेळणाऱ्याने स्वतःच्या थैलीतली ४,००० सुवर्णनाणी खजिन्यात घातली तर राज्याला एक गुण मिळतो. उलट खजिन्यातला एक गुण काढून घेतला तर हाती पडतात २,०००. शिवाय प्रत्येक वेळी प्रजेतला असंतोष वाढतो. राज्याला देताना पूर्ण मोल, राज्याकडून खाताना निम्मे! आमच्या सेनापतीच्या मनात एक मंतरलेली तलवार भरली होती. तिच्यासाठी खजिन्यातून पाच गुण काढावेत असा त्याचा आग्रह. आम्ही त्याला पंधरा मिनिटे राजाच्या विश्वस्तपणावर व्याख्यान दिले. मुले स्तब्ध होऊन ऐकत होती. त्या दिवशी घरी परतताना आपण रामराज्याच्या फार जवळ येऊन ठेपलो आहोत अशी आमची खात्री झाली होती.

तशात पीक बुडाले. हे संकट सूत्रधाराने आकसाने आणले नव्हते. कोणत्याही महिन्यात एखादी घटना घडू शकते असा नियमच आहे, आणि फाशाने आमच्या वाट्याला तीच दिली. असंतोष वाढत वाढत १० वर आला. नियम असा की, तो १० च्या वर गेला तर मुलखातला एक षट्कोन हातचा जातो, आणि २० ला पोचला तर अराजक. त्याच सुमारास आम्ही किल्ल्यासाठी गुण साठवीत होतो. किल्ल्याला लागतात ५४. आमच्याजवळ ५२ जमले होते. एक महिना कसाबसा निभावला असता तर किल्ला उभा राहिला असता, आणि किल्ल्याने असंतोष चाराने घटतो. तेव्हा प्रश्न केवळ एका महिन्याचा होता.

दरबारातल्या जागांच्या यादीत एक जागा आम्ही रिकामी ठेवली होती. तिचे नाव राजाचा मारेकरी. हा उघडपणे फाशी देणारा असो किंवा अंधारात गळा दाबणारा असो, त्याच्या भीतीने दर महिन्याला असंतोष एकाने कमी होतो, आणि त्याला खर्च काही पडत नाही. आम्ही ती जागा भरली. पुतणीने विचारले, "कोणाला शिक्षा करणार, महाराज?" पिकाच्या वेळी धान्याच्या सक्तीच्या वसुलीविरुद्ध बोलणारा एक पाणचक्कीवाला मागच्या खेपेस तिने सहज वर्णनात आणला होता. आम्ही म्हणालो, "तो चक्कीवाला. चव्हाट्यावर." पुतण्याने मान वर केली. "काका, पण त्याने काय केलं?" आम्ही हसून उत्तर दिले, "अरे, राजकारणात असं विचारायचं नसतं." सर्वजण हसले. असंतोष ९ झाला. वहिनींनी चिवडा आणून ठेवला, आणि तो आम्ही आवडीने खाल्ला.

पुढल्या रविवारी सूत्रधाराने खेळाला प्रारंभ केला तो असा: दरबार भरला आहे, एक बाई आली आहे, तिला तिच्या नवऱ्याचे प्रेत हवे आहे. आम्ही राजाला शोभेल अशा गंभीर स्वरात प्रेत देण्याची आज्ञा केली. पुतणी म्हणाली, "कारभारी विचारतो, कोणाचं? त्या महिन्यात वेशीबाहेर पुरलेली माणसं पुष्कळ आहेत. नाव सांगा." आम्ही वहीत पाहिले. वहीत 'असंतोष १ ने कमी' एवढेच लिहिलेले होते. आम्ही पुतणीकडे पाहून म्हटले, "अगं, त्याचं नाव तू कुठे सांगितलंस?" ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही विचारलं नाहीत, काका."

टेबलावर कोणी बोलेना. शेवटी पुतण्यालाच आमची दया आली. "जाऊ दे ना ताई," तो म्हणाला, "खेळातलंच तर आहे." खेळ पुढे चालू झाला. पण आमचे लक्ष लागेना.

खेळातल्या पापाचे पातक लागते काय? बुद्धिबळात आम्ही आजवर हजारो प्यादी बळी दिली असतील, आणि एकाचेही सुतक पाळलेले नाही. चक्कीवाला तरी लाकडी प्याद्याहून अधिक खरा कोठे होता? तो पुतणीच्या एका वाक्यातून जन्मला आणि आमच्या एका वाक्याने मेला. त्याला दुःख झाले नाही, त्याची बायको विधवा झाली नाही, कारण ती दोघेही नव्हतीच. हा युक्तिवाद बिनतोड आहे, आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या आम्ही तो स्वतःला तीन वेळा सांगितला. तो खरा असून झोप का येत नाही एवढेच कळेना.

अखेर उठून आम्ही नियमांचे पुस्तक काढले. असंतोष कमी करण्याचे दुसरे मार्ग कोणते होते ते पाहावे, म्हणजे तरी आपली निकड सिद्ध होईल, असा हेतू होता. कोष्टकात इमारतींची यादी आहे. तिच्यात 'घरे' म्हणून एक ओळ आहे. घरांची एक वस्ती उठविण्यास लागतात ३ गुण, आणि तिने असंतोष १ ने घटतो. दाटीवाटीच्या चाळी १ गुणात होतात, पण त्यांनी तो २ ने वाढतो. म्हणजे आम्ही ३ गुण काढून घरे बांधली असती तरी असंतोष नेमका तितकाच, १० चा ९, झाला असता. आमच्याजवळ ५२ होते. किल्ला महिनाभर लांबला असता. माणूस मारण्यास आम्हांस कोणीही, कशानेही भाग पाडले नव्हते. घरांना ३ गुण पडत होते आणि भीती फुकट मिळत होती, इतकेच.

खऱ्या जगातला कारभारी अशा वेळी परिस्थितीकडे बोट दाखवू शकतो. शत्रू दारात होता, वरून हुकूम होता, मुले उपाशी होती, खुर्ची जाण्याची भीती होती. यांतली निम्मी कारणे खोटी असली तरी निम्मी खरी असतात, आणि आपण त्याचा न्याय करताना ती जमेस धरतो. कल्पनेतल्या राजाजवळ ही जमेची बाजू नसते. त्याची खुर्ची जेवणाच्या टेबलाजवळची. ती गेली तर दुसरी ओढावी. म्हणून त्याने जी निवड केली ती निखळ त्याची. चक्कीवाला खोटा होता हे खरे. परंतु त्याला मारण्याची आमची तयारी खोटी नव्हती. शिवाय टेबलाभोवती बसलेली तीन मुले खोटी नव्हती. "त्याने काय केलं" हा राज्यकर्त्याला विचारण्याजोगा पहिला प्रश्न एका तेरा वर्षांच्या मुलाने विचारला होता, आणि तो विचारायचा नसतो असे आम्ही त्याला हसतहसत शिकवले होते. तलवारीच्या प्रसंगी दिलेले पंधरा मिनिटांचे व्याख्यान या एका वाक्याने धुऊन निघाले.

आणि हे वाक्य आमच्या तोंडी कोठून आले? येथे आमच्या पूर्वायुष्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. आम्ही एका कचेरीत तीस वर्षे काढली, आणि शेवटची काही वर्षे सही करण्याच्या जागेवर होतो. एका साली खर्च कमी करण्याचा प्रसंग आला. हंगामी नोकरांपैकी सात कमी करावेत अशी टिप्पणी आमच्यापुढे आली. आकडे बरोबर होते, कारणे योग्य होती, दुसरा मार्गही बहुधा नव्हता. आम्ही समासात 'मान्य' लिहून सही केली. टिप्पणीला एक पुरवणी जोडलेली होती. तिच्यात त्या सातांची नावे होती. ते पान आम्ही उलटले नाही. उलटले असते तर निर्णय बदलला असता असे नव्हे. कदाचित आम्ही त्यांपैकी एकाला बोलावून चार शब्द बोललो असतो. कदाचित कोणाची तरी दुसरीकडे सोय लागते का ते पाहिले असते. कदाचित काहीच केले नसते. पण पान उलटले नाही हे निश्चित. त्या गोष्टीची आठवण आम्हांस इतक्या वर्षांत झाली नव्हती. ती पुतणीच्या "तुम्ही विचारलं नाहीत, काका" या वाक्याबरोबर आली.

जुन्या राजनीतीच्या ग्रंथांत या दोषावर बोट ठेवलेले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी लिहिताना सांगितले आहे की, रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे जीर्ण झाड घेणेच झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. आरमाराची गरज अमात्यांना आमच्या किल्ल्याहून पुष्कळ अधिक होती. तरी सोट मोजताना त्यांना झाडाचा धनी दिसत होता. राज्य सांभाळण्याची अक्कल आणि माणूस ओळखण्याची अक्कल त्यांच्या ठिकाणी निरनिराळ्या कप्प्यांत ठेवलेली नव्हती.

खेळातल्या राजांनीही याहून चांगले राज्य केल्याचे दाखले आहेत. सर्व्हांतीसच्या 'डॉन किहोते'चा दुसरा भाग १६१५ साली निघाला. त्यात एक ड्यूक आणि त्याची पत्नी थट्टेखातर सांचो पांझा या अडाणी शेतकऱ्याला एका खोट्या बेटाचा सुभेदार करतात. दरबारी मंडळी हसायला टपलेली असतात. पण सांचो समोर आलेल्या तंट्यांचे असे निवाडे देतो की हसणाऱ्यांची तोंडे बंद होतात. त्याला पोटभर जेवूसुद्धा देत नाहीत. थोड्याच दिवसांत कंटाळून तो आपल्या गाढवाला मिठी मारतो आणि जसा रिकाम्या हाताने आला तसा रिकाम्या हाताने निघून जातो. आपल्याकडे विक्रमाचे सिंहासन पुरलेल्या टेकाडावर बसून गुराख्याचे पोर निवाडे देत असे, ही गोष्ट सर्वांच्या ऐकण्यातली आहे. सांचो काय आणि तो गुराखी काय, दोघांनाही राज्य करण्याची सवय नव्हती. त्यांच्यापुढे वादी-प्रतिवादी येत ते सबंध माणसे म्हणून येत. टिप्पणी म्हणून येत नसत. आमची अडचण उलटी होती. आम्हांस तीस वर्षांची सवय होती.

नियम करणाऱ्यांनाही आमच्यासारखीच चुटपूट लागली असावी असे वाटण्यास जागा आहे. २०१३ साली हे राज्यनियम दुसऱ्या एका ग्रंथात सुधारून छापले गेले. त्यात मारेकऱ्याचे नाव बदलून त्याला राजाचा अंमलदार केले आहे. आणि त्याच्या भीतीचा उपयोग केलाच तर निष्ठेची कसोटी द्यावी लागते. ती फसली तर निष्ठा १ ने घटते. म्हणजे तीन वर्षांत भीतीला थोडीशी किंमत लागू झाली. सुधारणा चांगली आहे. पण आमच्या मते तिने प्रश्न सुटत नाही. भीतीला १ च्या जागी ५ किंमत ठेवली तर आमच्यासारखा राजा ती देणार नाही, इतकेच. आणि न देण्याला तो सदाचार म्हणू लागेल. कोष्टकाला प्रत्येक कृत्याची किंमत सांगता येते. ज्याच्यावर ते कृत्य होते त्याचे नाव विचारा, असे कोष्टक सांगू शकत नाही. ते काम टेबलापलीकडे बसलेल्या कोणीतरी करावे लागते.

तिसऱ्या रविवारी आम्ही मारेकऱ्याची जागा मोडल्याचे जाहीर केले. चक्कीवाल्याच्या बायकोला दरबारात बोलावून, सर्वांसमक्ष, चूक राजाची होती असे सांगितले. ती काही बोलली नाही. पुतणीने तिच्या तोंडी क्षमेचे शब्द घातले नाहीत याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोत. मग घरे बांधण्याकरिता ३ गुण काढून ठेवले. वाचकांची अशी अपेक्षा असेल की येथून राज्याची भरभराट झाली. तसे झाले असते तर ही गोष्ट सांगण्यास फार सोपी गेली असती. त्या महिन्याच्या आरंभी स्थैर्याच्या कसोटीसाठी आम्ही वीस पैलूंचा फासा टाकला. तो १ वर थांबला. मग असंतोष किती वाढला हे ठरविण्यासाठी चार पैलूंचा टाकला. त्याने ४ दाखविले. नवाचे तेरा झाले, आणि एक षट्कोन हातचा गेला. कोणता सोडता, असे सूत्रधाराने विचारले. खूप वादावादी होऊन सेनापतीची टेहळणीची टेकडी ज्यात होती तो सोडला. पुतण्याचे डोळे भरून आले. "तो माणूस ठेवला असता तर कदाचित गेली नसती," तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. भीतीने एक तरी आकडा घटला असता, आणि पुढल्या महिन्यात आणखी एक. आम्ही त्याला एवढेच म्हटले, "होय रे, कदाचित गेली नसती." याहून समाधानकारक उत्तर आम्हांस अजून सुचलेले नाही.

राज्य अद्याप चालू आहे. किल्ला झालेला नाही. घरांच्या चार वस्त्या झाल्या, आणि एक चाळ मोडून तिच्या जागी नीट घरे बांधली. टेकडी परत मिळविण्याची सेनापतीची योजना आम्ही दोनदा नामंजूर केली आहे. तिसऱ्यांदा करू की नाही हे सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र नवीन झाली आहे. पुतण्याने आपल्या वहीत, गुणांच्या रकान्याशेजारी, एक रकाना आखला आहे, आणि दरबारात कोणीही आले की तो प्रथम नाव विचारतो. सैनिकाचे विचारतो, भाट आला तर त्याचे विचारतो, मागल्या खेपेस धरलेल्या लुटारूंचीही विचारली. पुतणी कुरकुर करते की, इतकी नावे आणायची कोठून! खेळ त्यामुळे फार मंद चालतो. गेल्या रविवारी एका महिन्याचा कर जमा होईतो रात्रीचे दहा वाजले, आणि वहिनींनी पाने दुसऱ्या खोलीत मांडली.